प्रवासांतून आणलेली लोकर

प्रवास करून परतलेल्या माणसाला घरची मंडळी "काय पाहिलें?" असें विचारण्यापूर्वीं "काय आणलें?" असें विचारतात. या प्रश्नाचें उत्तर देतां यावें म्हणून जगांतल्या प्रत्येक यात्रेच्या आणि सहलीच्या ठिकाणीं एक बाजार उभा राहिलेला असतो. पंढरपूरचा बुक्का आणि तुळशीची माळ, महाबळेश्वरचा मध, सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं हीं आपल्याकडचीं उदाहरणें. युरोपांत गेलें तरी प्रकार तोच. वस्तु तेवढ्या बदलतात. तेथें शहराचें नांव छापलेला पेला मिळतो, फ्रिजच्या दाराला चिकटवावयाचें लोहचुंबकाचें चित्र मिळतें, रंगविलेला लांकडी घोडा मिळतो. पाहुण्यानें पैसे द्यावे, वस्तु पिशवींत टाकावी, घरीं आल्यावर कपाटांत मांडावी आणि दिवाळीच्या साफसफाईंत वर्षांतून एकदां पुसावी, एवढेंच त्या वस्तूचें आयुष्य.

श्रोतेहो, मी आज जिच्याविषयीं बोलणार आहें ती वस्तु मात्र अपुरी असते, आणि अपुरी असते म्हणूनच मला ती या सर्व वस्तूंहून अधिक मोलाची वाटते. ती म्हणजे लोकरीची लड. ती विकत घेतल्यानें काम संपत नाहीं. घरीं आल्यावर तें सुरू होतें.

आमचें घर नंदुरबारास आहे. तापीच्या खोऱ्यांत जन्म काढलेल्या माणसाला उन्हाळा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. वैशाखांत पारा ४२ अंशांच्या पुढें जातो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि रात्रीं अंगणांत टाकलेल्या खाटेचीं लोखंडी अंगेंहि गरम लागतात. अशा गांवच्या एका निवृत्त शिक्षकानें लोकरीवर भाषण करावें याचें कोणालाहि नवल वाटेल. परंतु माझा मुलगा नोकरीनिमित्त स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरीं राहतो. त्याच्या आग्रहावरून दोन वर्षांपूर्वीं मी व माझी पत्नी जून आणि जुलै असे दोन महिने तिकडे राहून आलों.

नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या तीन देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. हें नांव आमच्या जिल्ह्याला अगदींच परकें नाहीं. स्वीडनमध्यें जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रॅन्सन या धर्मोपदेशकानें १८९० सालीं अमेरिकेंत 'स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन' ही संस्था स्थापन केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिचे कार्यकर्ते पश्चिम खानदेशांत येऊन राहिले होते. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हां पश्चिम खानदेशांतच मोडत असे. धुळ्यापासून वेगळा होऊन तो स्वतंत्र झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. १९४९ सालीं त्या संस्थेनें आपलें नांव बदललें. तरी जुन्या मंडळींच्या बोलण्यांत तो लांबलचक शब्द मधून मधून येत असे. ते देश कसे, तेथलीं माणसें उन्हाळ्यांत काय करतात, हिंवाळ्यांत काय पांघरतात, हें मात्र कोणी सांगत नसे.

उत्तरेकडे जावें तसतसा उन्हाळ्यांतील दिवस मोठा होत जातो, हें मीं वर्षानुवर्षें भूगोलाच्या तासाला मुलांना शिकविलें. नंदुरबार २१ अक्षांशांवर, गोटेनबर्ग जवळजवळ ५८ अक्षांशांवर. जूनच्या शेवटच्या आठवड्यांत आपल्याकडे सूर्य सवासातच्या सुमारास मावळतो. तेथें तो रात्रीं सव्वादहाला मावळतो आणि पहाटे सव्वाचारला पुन्हां वर येतो. मधल्या काळांतहि आकाश पुरतें काळें होत नाहीं. पाठ म्हणून हें सोपें आहे. पण रात्रींचें जेवण आटोपून, भांडीं घांसून झाल्यावर बाहेर यावें आणि अंगणांत मुलें उन्हांत खेळतांना पाहावीं, हा अनुभव पुस्तकांत सांपडत नाहीं.

आपण मृगाच्या पावसाची वाट पाहतों, तशी तीं माणसें उन्हाची वाट पाहतात. १९ ते २५ जून या दिवसांत जो शुक्रवार येईल, त्या दिवशीं स्वीडनमध्यें मध्यग्रीष्माचा सण असतो. पानाफुलांनीं मढविलेला उंच खांब मैदानांत उभा करतात आणि लहानथोर सर्वजण त्याभोवतीं फेर धरून नाचतात. नवे उकडलेले बटाटे, खारविलेली मासळी आणि ताजी स्ट्रॉबेरी हें त्या दिवसाचें जेवण. तो खांब पाहून आम्हां दोघांनाहि आमच्या अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवच्या होळीची आठवण झाली. तेथेंहि उंच बांबू उभारतात आणि आदिवासी बांधव त्याभोवतीं रात्रभर नाचतात. आपली होळी थंडीला निरोप देते आणि त्यांचा सण सर्वांत मोठ्या दिवसाचें स्वागत करतो. पण उंच खांब उभा केल्याशिवाय आनंदाला मध्यबिंदु मिळत नाहीं, हें दोन्हीकडच्या लोकांनीं सारखेंच ओळखलें आहे.

आणि या लांबलचक उन्हांत बसून तेथल्या बाया काय करतात? हिंवाळ्याचे कपडे विणतात! आगगाडींत, बोटीवर, बागेंतल्या बांकावर, जेथें पाहावें तेथें कोणाच्या तरी मांडीवर लोकरीचा गुंडा असतोच. प्रथम मला हें विपरीत वाटलें. मग लक्षांत आलें कीं आपणहि पावसाळ्याचे पापड आणि कुरडया चैत्र-वैशाखांतच घालतों. ज्या देशाचा हिंवाळा अर्धें वर्ष खातो, तेथें उन्हाळ्यांतच बेगमी करणें हें शहाणपणच आहे.

माझ्या पत्नीला विणकाम लहानपणापासून येतें. तिच्या वेळीं मुलींच्या शाळेंत त्याचा स्वतंत्र तास असे. पण परक्या देशांत भाषेची अडचण. पहिले पंधरा दिवस ती कोणाशीं बोललीच नाहीं. एके दिवशीं मुलगा आम्हांला एका लोकरीच्या दुकानांत घेऊन गेला. दुकानाची मालकीण सत्तरीच्या आसपासची होती. तिनें माझ्या पत्नीच्या अंगावरची हातविणीची बंडी पाहिली, परवानगी घेऊन तिची कड उलटून पाहिली, आणि मग आंतून दोन सुया आणून तिच्या हातांत दिल्या. पुढचा अर्धा तास त्या दोघींमध्यें एकहि शब्द झाला नाहीं आणि संभाषण मात्र अखंड चाललें होतें. आपल्याकडे बहुतेक बाया धागा उजव्या हातांत धरून सुईवरून टाकतात. तिकडे तो डाव्या हाताच्या बोटावर ताणून धरतात आणि सुईच्या टोकानें उचलतात. सुलट टाका तोच, उलट टाका तोच. फक्त धाग्याचा हात वेगळा. माझी पत्नी दुकानांतून बाहेर आली तेव्हां म्हणाली, "अहो, आज मी पहिल्यांदा कोणाशीं तरी मनसोक्त बोललें."

त्या दुकानांत आम्हीं आठ लडी घेतल्या. त्यांत कांहीं गोत्लंड बेटावरच्या मेंढ्यांच्या होत्या. ती लोकर जात्याच राखाडी, कुरळी आणि चमकदार असते, तिला रंग द्यावा लागत नाहीं. उरलेल्या पांढऱ्या होत्या. ज्यांना असा योग येईल त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतों. लडीभोवतींच्या कागदावर वजन, लांबी आणि कोणत्या जाडीच्या सुया वापराव्या हें छापलेलें असतें. त्यांतील लांबीचा आंकडा वजनाहून महत्त्वाचा, कारण लोकर जितकी बारीक तितकी १०० ग्रॅमांत ती अधिक लांब भरते. रंगीत लोकर घेतली तर रंगणीचा क्रमांक सर्व लडींवर एकच आहे ना, हें पाहावें; नाहींतर पाठ एका छटेची आणि बाह्या दुसऱ्या छटेच्या होतात, आणि दुकान तर हजारों किलोमीटरांवर राहिलेलें असतें! मध्यम जाडीच्या लोकरीची १०० ग्रॅमांची एक लड टोपीला किंवा हातमोज्यांच्या एका जोडीला पुरते. मोठ्या माणसाच्या स्वेटरास पांच-सहा लडी लागतात. एकच लड परवडत असेल तर एकच घ्यावी. तिची टोपी होईल, पण ती पुरी होईल.

आतां एका हातमोज्याची कथा सांगतों. नॉर्वेंत ट्रॉन्हेम शहराजवळ सेल्बू नांवाचा एक खेड्यांचा मुलूख आहे. तेथें १८५७ सालीं मारित नांवाची सोळा वर्षांची मुलगी आपल्या दोन बहिणींबरोबर चर्चला गेली. तिघींच्या हातांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हातमोजे होते, आणि त्यांवर आठ पाकळ्यांचें फूल विणलेलें होतें. गांवानें असे मोजे पूर्वीं पाहिले नव्हते. आठ पाकळ्यांचें फूल जगाला नवें नव्हतें. अनेक देशांच्या भरतकामांत तें फार जुनें आहे. त्या मुलीनें तें हातमोज्यावर आणलें, एवढेंच. पण त्या 'एवढेंच' मधून एका मुलखाचा धंदा उभा राहिला. शेजारणींनीं नमुना उचलला, त्यांत भर घातली, आणि पुढें सेल्बूचे मोजे देशोदेशीं जाऊं लागले. विणकामाचा दर्जा राखण्यासाठीं आणि विक्री नीट व्हावी म्हणून १९३४ सालीं तेथें गृहोद्योगाचें केंद्र निघालें. मारित एम्स्ताद ही बाई १९२९ पर्यंत जगली. आपल्या बालपणींच्या फुलाचें झालेलें झाड तिनें डोळ्यांनीं पाहिलें.

या विणीचें मर्म असें कीं एकाच ओळींत दोन रंगांचे दोन धागे चालतात. ज्या रंगाचा टाका दिसावयाचा तो पुढें येतो आणि दुसरा पाठीमागून आडवा सरकत जातो. मागचा धागा ओढला तर कापड आक्रसतें, सैल सोडला तर त्यांत बोटें अडकतात. हात जमला म्हणजे कापड दुहेरी होतें आणि दोन थरांमध्यें हवा कोंडून राहते. लोकरीची ऊब ही मुख्यतः या कोंडलेल्या हवेची ऊब होय. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा पोटांत घेऊनहि हाताला ओली लागत नाहीं. म्हणून कोळी आणि लांकूडतोडे यांना ती इतकी प्रिय झाली.

नमुना कागदावर चौकटी आंखून काढतात. एक चौकट म्हणजे एक टाका. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी ज्या बाईला येते तिला हा कागद वाचावयास शिकवावें लागत नाहीं. आणि गणित तर पावलोपावलीं. आधीं एक लहान चौकोन विणून १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात तें मोजावें. २२ बसत असतील तर ५० सेंटिमीटर घेराच्या टोपीला ११० टाके हवेत. पण फुलाचा नमुना २४ टाक्यांचा असेल तर ११० ला २४ नें निःशेष भाग जात नाहीं. मग ९६ घ्यावे किंवा १२०, आणि सुईची जाडी बदलून घेर जुळवावा. हें गणित पत्नीला करून देतां देतां निवृत्तीनंतर मीहि सुया हातीं घेतल्या. पुरुषानें विणावें याचा कोणी संकोच मानूं नये. डेन्मार्कच्या जटलंड प्रांतांत आणि स्वीडनच्या हालंड प्रांतांत एके काळीं घरचे पुरुष आणि मुलें देखील विणीत असत. जटलंडच्या माळरानांत हिंवाळ्याच्या रात्रीं शेजारीपाजारी एका घरीं जमत, एकाच दिव्याच्या उजेडांत सर्वांच्या सुया चालत, आणि तोंडानें गोष्टी चालत.

विणलेल्या वस्त्राला राज्यकर्ते देखील भितात, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वे जर्मनीच्या ताब्यांत गेला, तेव्हां तेथील लोक परकी सत्तेचा निषेध म्हणून लाल लोकरीच्या टोप्या घालूं लागले. टोपी घरीं विणलेली, तिच्यावर एक अक्षरहि नाहीं. तरी तिचा अर्थ सर्वांना कळत होता. अखेर २६ फेब्रुवारी १९४२ पासून अशा टोप्यांवर बंदी घालण्यांत आली. हें वाचतांना मला माझ्या गांवचें तेंच वर्ष आठवल्यावांचून राहिलें नाहीं. १९४२ च्या सप्टेंबरांत नंदुरबारच्या रस्त्यावर हातांत तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारांत मृत्यु पावले. शिरीषकुमार तेव्हां पुरता सोळा वर्षांचाहि नव्हता. आपल्याकडे तेव्हां खादीची पांढरी टोपी होती, त्यांच्याकडे लाल लोकरीची. दोन्ही देशांत लोकांनीं आपल्या मनांतलें बोलण्यासाठीं घरच्या सुताचा आधार घेतला.

परंतु, श्रोतेहो, या साऱ्या प्रवासांत माझ्या मनाला जी गोष्ट अधिक लागली ती निराळी आहे. गोटेनबर्गच्या उत्तरेस बोहुस्लेन नांवाचा समुद्रकांठचा प्रांत आहे. तेथें जमीन थोडी आणि खडक फार. तेथला ग्रॅनाइट फोडून रस्त्यांच्या फरसबंदीसाठीं दगड घडविणें हा हजारों कुटुंबांचा धंदा होता. १९३० नंतरच्या मंदींत दगडाची मागणी खालावली, रस्त्यांवर डांबर आलें, आणि पाथरवटांच्या हातांतलें काम गेलें. तेव्हां त्या घरांतल्या बायका प्रांताच्या राज्यपालांच्या पत्नीकडे गेल्या. त्यांनीं धर्मादाय मागितला नाहीं. घरीं बसून चार पैसे मिळवितां येतील असें काम मागितलें.

त्या बाईंचें नांव एम्मा याकोबसन. जन्मानें त्या व्हिएन्नाच्या. त्यांनीं हातमोजे आणि पायमोजे यांपासून आरंभ केला आणि १९३९ सालीं 'बोहुस स्टिकनिंग' या नांवाची संस्था रीतसर उभी केली. स्टिकनिंग म्हणजे विणकाम. त्यांनीं पहिल्यापासून एक गोष्ट हट्टानें धरली: गरिबांनीं विणलें आहे म्हणून दयेनें घ्या, असें गिऱ्हाइकास सांगावयाचें नाहीं, माल असा असावा कीं विणणारी कोण हें न विचारतां तो घ्यावासा वाटावा. यासाठीं त्यांनीं चांगले रेखाटनकार आणले, मऊ सूत तयार करविलें, रंगांच्या इतक्या सूक्ष्म छटा साधल्या कीं एक रंग कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला हें पटकन् सांगतां येत नाहीं. सुलट टाक्यांच्या ओळींत मधूनच उलट टाके घालून ते रंग एकमेकांत मिसळण्याची त्यांची युक्ति आजहि जगभर अभ्यासिली जाते. सदोष विणलेला नग परत केला जाई. पाथरवटांच्या बायकांनीं आपल्या स्वैपाकघरांत बसून विणलेले ते स्वेटर परदेशांतल्या मोठमोठ्या दुकानांत गेले.

ही संस्था १९६९ सालीं बंद झाली. मजुरी वाढली, यंत्राचा स्वस्त माल आला, फॅशन बदलली. उद्देवाला गांवच्या संग्रहालयांत तिचे स्वेटर ठेवले आहेत. तेथें आम्ही दोन तास होतों. माझी पत्नी एका निळ्या स्वेटरासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "हीं बोटें कोणाचीं होतीं, तें कोठेंच लिहिलें नाहीं." संस्था संपली म्हणून ती फसली असें मी मानीत नाहीं. तीस वर्षें तिनें चुली पेटत्या ठेवल्या. मनुष्याच्या कोणत्याहि उद्योगाला यापेक्षां मोठें प्रमाणपत्र कोण देणार?

आम्ही परत आलों तें ऑगस्टांत. त्या लडी पेटींत कडुलिंबाच्या पाल्यांत ठेवल्या, कारण लोकरीला कसर लागण्याचें भय मोठें. दसरा झाल्यावर पत्नीनें त्या बाहेर काढल्या, मीं दोन्ही हातांवर लड धरली आणि तिनें गुंडे केले. एकेक गुंडा होतांना त्या लोकरीचा वास घरभर पसरे आणि जुलैंतले ते न संपणारे दिवस पुन्हां डोळ्यांपुढें येत. फोटो आम्हीं शेंकड्यांनीं काढले होते. ते पाहण्यास एक संध्याकाळ पुरली. एका टोपीला मात्र बारा संध्याकाळ लागल्या, आणि त्या बाराहि संध्याकाळ आम्ही त्या देशाविषयीं बोलत होतों.

त्याच हिंवाळ्यांत शहाद्याकडून येतांना एका शेतांत मेंढरें बसविलेलीं दिसलीं. शेतमालक माझा जुना विद्यार्थी. त्यानें हांक मारली म्हणून थांबलों. मेंढरें ठेलारी लोकांचीं होतीं. खतासाठीं एका शेतांतून दुसऱ्या शेतांत मेंढरें बसवीत ही मंडळी धुळें-नंदुरबारच्या मुलखांत हिंडत असतात. पालाजवळ एक म्हातारी चातीवर काळ्या लोकरीचें सूत काढीत बसली होती. मीं विचारलें, "माय, या लोकरीला भाव काय मिळतो?"

ती हंसली आणि म्हणाली, "भाव कसला, गुरुजी? कातरणाऱ्याची मजुरीसुद्धां निघत नाहीं. मेंढराला उकाडा होतो म्हणून कातरायची."

"मग तिचें करतां काय?"

"कोणी घेतली तर द्यायची, नाहींतर बांधावर टाकायची. हें सूत काढतें तें आपल्या घोंगड्यापुरतें. हात रिकामा बसत नाहीं म्हणून."

दक्षिणी मेंढीची लोकर आंखुड, जाड आणि बहुधा काळी असते. वर्षांतून दोनदां ती कातरतात. धनगरांच्या बाया तिचें सूत काढीत, सणगर तें खड्ड्याच्या मागावर विणीत, चिंचोक्यांची खळ देत, आणि घोंगडें तयार होई. शेतकऱ्याच्या पाठीवर पावसांत तेंच, रात्रीं अंथरावयास तेंच, देवकार्याला बसावयास तेंच. यंत्रावरचीं स्वस्त ब्लँकेटें आणि प्लॅस्टिकचीं कापडें आलीं, घोंगड्याचें गिऱ्हाईक गेलें, आणि त्याबरोबर लोकरीचें मोलहि गेलें. मुंबईच्या दुकानांतून मुलायम परदेशी लोकर घेणाऱ्या आपल्या घरांना आपल्याच शिवारांत लोकर फेंकली जाते याची खबरहि नसते.

ही स्थिति आपल्याच देशांत आहे असें नाहीं. स्वीडनमध्येंहि अलीकडच्या काळापर्यंत कातरलेल्या लोकरीचा मोठा भाग जाळला किंवा पुरला जात असे, आणि विणणाऱ्या बाया बाहेरदेशची लोकर वापरीत. शेजारच्या नॉर्वेंत मात्र तसें झालें नाहीं. कारण तेथें लोकर गोळा करण्याची, तिची प्रत ठरविण्याची व्यवस्था आहे आणि चांगल्या प्रतीच्या लोकरीला सरकार शेतकऱ्यास अनुदान देतें. एकाच हवामानाचे, एकमेकांस लागून असलेले दोन देश; एका ठिकाणीं लोकर माल ठरली, दुसऱ्या ठिकाणीं केर. मेंढी दोन्हीकडे मेंढीच होती. फरक माणसांनीं केलेल्या व्यवस्थेचा.

त्या म्हातारीकडून आम्हीं अर्धा किलो सूत विकत घेतलें. तिनें सांगितलेली किंमत इतकी थोडी होती कीं पत्नीनें ती तीन वेळां विचारली, आणि मग आपल्या मनानें ठरवून दिली. सूत जाड आणि अंगाला टोंचणारें. त्याचा स्वेटर होणार नाहीं, हें पहिल्या चौकोनावरूनच कळलें. पण टोंचणें हा दोष अंगावरच्या कपड्याचा. बसावयाच्या वस्तूचा तो दोष नव्हे. तेव्हां त्या काळ्या सुताची पार्श्वभूमि आणि स्वीडनहून आणलेल्या पांढऱ्या लोकरीचें आठ पाकळ्यांचें फूल, अशी दोन धाग्यांची विण घालून तिनें एक आसन केलें. तें दाट, जड आणि उबदार झालें आहे. घरीं येणारा प्रत्येकजण पांढऱ्या लोकरीविषयीं विचारतो. आम्ही त्याला काळ्या लोकरीविषयीं सांगतों.

माझें सांगणें कोणतीहि मोठी योजना मांडण्यासाठीं नाहीं. मी शाळामास्तर, मला शाळेपुरतें दिसतें. आमच्या सातपुड्यांत थंडी कांहीं थोडी नसते. अक्कलकुवा तालुक्यांतील डाब गांवच्या परिसरांत हिंवाळ्यांत दंव गोठल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. त्याच डोंगरांतलीं कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजराथेंत जातात, कारण घरीं काम नसतें. आणि त्यांचीं लेंकरें आश्रमशाळेंत सकाळच्या प्रार्थनेला कुडकुडत उभीं असतात. एकीकडे थंडी, एकीकडे बांधावर पडलेली लोकर, एकीकडे रिकामे हात. या तिन्ही गोष्टी वीस-पंचवीस कोसांच्या आंत आहेत. बोहुस्लेनमध्यें त्यांना एकत्र आणण्यास एका बाईचा हट्ट पुरला. आश्रमशाळेंतील कार्यानुभवाच्या तासाला मुलांमुलींना दोन सुया आणि एक गुंडा द्यावा. ठेलाऱ्यांची लोकर कोणी धुवून, निवडून, बारीक पिंजून पाहावी. आसनें, पिशव्या, जाड पांघरुणें यांस गिऱ्हाईक मिळतें का याचा शोध घ्यावा. यांतलें पहिलें काम तरी उद्यां सकाळीं सुरू करतां येण्याजोगें आहे. आमच्या घरीं गेल्या दिवाळीपासून रविवारीं दुपारीं सहा मुली विणकामास येतात. त्यांपैकीं दोघींना आतां टाच वळवितां येते, आणि विणकाम जाणणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे कीं पायमोज्याची टाच वळली म्हणजे विद्या आली.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत त्यांना शेवटीं एवढेंच सुचवितों. तिकडे जाल तेव्हां तयार वस्तूंच्या दुकानावरून पुढें चला आणि जेथें सूत, लोकर, रंग, बीं-बियाणें अशा अपुऱ्या वस्तु मिळतात त्या दुकानांत शिरा. बियाण्याच्या बाबतींत मात्र विमानतळावरचे नियम आधीं विचारून घ्या. ती वस्तु घरीं आणून आपल्या हातांनीं पुरी करा. ती करतांना तिच्या देशाची ओळख तर होतेच. पण तिच्याशेजारीं ठेवण्यासारखें आपल्या गांवीं काय आहे, हा प्रश्नहि मनांत उभा राहतो. तो प्रश्न ज्याच्या मनांत उभा राहिला त्याचा प्रवासखर्च वसूल झाला असें मी समजतों.